हिरवं काही दिसलं का?

"काय बघितलास?"

चुलीपुढे बसलेली शरीफा भाबी मान वर न करता विचारत होती. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं.

"बादली," मी म्हणाले.

"कसली बादली?"

"स्टीलची. रिकामी. यष्टी स्टँडावर ठेवलेली, नि मी तिच्या बाजूला उभी."

भाबीनं घावन उलटला आणि गंभीरपणे विचार केला. "रंग कसला व्हता?"

"स्टीलच्या बादलीला रंग कसला असणार भाबी?"

"स्टँडाचा गो. आपल्या स्टँडाला हिरवा पट्टा हाय भिंतीला. तो दिसला काय? नीट आठव."

"नाय दिसला."

"मग काय उपेग," असं म्हणून तिनं घावन ताटलीत टाकला. मागच्या पडवीतून हलिमा फुफूचा खोकला ऐकू आला. ती सगळं ऐकत होती, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी घावन न खाताच उठले.

आमच्या सावरे बंदरात तेव्हा इस्तिखारा केल्याशिवाय कुणाच्या घरची मोठी गोष्ट ठरत नसे. इस्तिखारा म्हणजे अल्लाकडे सल्ला मागणं. लग्न असो, जमीन असो, आखातातली नोकरी असो, रात्रीच्या नमाजनंतर दोन रकात नफल जास्तीच्या पढायच्या, एक ठरलेली अरबी दुआ म्हणायची आणि कुणाशी अक्षर न बोलता उजव्या कुशीवर झोपायचं. मग स्वप्नात कौल मिळतो. हिरवं किंवा पांढरं दिसलं तर होकार, काळं किंवा लाल दिसलं तर नकार. पहिल्या रात्री नाही दिसलं तर सात रात्रींपर्यंत थांबायचं. सातव्या रात्रीही नाही दिसलं तर काय, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं, कारण गावात असं आजवर कुणाचं झालेलं नव्हतं. निदान कुणी कबूल केलेलं नव्हतं.

ज्यांना स्वतः जमत नसे ते हलिमा फुफूकडे येत. फुफू म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा ती विशीतली होती. तेव्हापासून ती आमच्याच घरी, पडवीशेजारच्या खोलीत. तिच्या स्वप्नांवर गावातली निम्मी लग्नं जमली होती आणि तेवढीच मोडली होती. माझी आधीची दोन स्थळं तिच्याच स्वप्नांनी गेली. एकदा तिला कोरडी विहीर दिसली, एकदा भिंतीवरून उतरणारा साप. मी तेव्हा कुरकुर केली नाही. कोरड्या विहिरीवाला चहा पिताना फुर्र फुर्र आवाज करायचा आणि सापवाल्याला माझी बालवाडीची नोकरी नको होती. फुफूची स्वप्नं मला तेव्हा फार खरी वाटली.

मग इल्यासचं स्थळ आलं आणि माझं सगळं तंत्र बिघडलं.

इल्यास हमदुले खाडीपलीकडच्या कोंडसरचा, जहाजावर फिटर. आई आणि मामाला घेऊन बघायला आला. आमच्याकडे पद्धत अशी की मुलानं मान खाली घालून बसायचं, मामानं बोलायचं आणि मुलीनं चहाचा ट्रे ठेवून पळायचं. मी ट्रे ठेवला तसा तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मी वर्षातले नऊ महिने घरी नसतो. हे पहिला सांगतो, मग चाय पितो. नंतर कोण म्हणायला नको की सांगितला नाय."

त्याच्या मामानं कपाळाला हात लावला. मी हसले. नुसती हसले नाही, खुदकन आवाज झाला. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले, पण इल्यासही हसत होता.

"नि उरलेले तीन महिने?" मी विचारलं.

"तीन महिने इतका घरी असतो की माझी आई कंटाळते," तो म्हणाला.

एवढंच बोलणं. पण मला तो आवडला, सरळ सांगते. सव्वीस वर्षांत कुणी मला आधी वाईट बातमी सांगून मग चहा प्यायला नव्हता. मी त्या दिवशी संध्याकाळी बालवाडीतल्या पोरांचे चित्रांचे कागद उलटे लावले आणि कोपऱ्यात बसून स्वतःशीच हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफू चहाला आली ती पांढरीफटक पडून. बाबांपुढे बसली आणि म्हणाली, "काळा पाणी बघितला. काठ नाय, होडी नाय. नुसता काळा पाणी."

झालं. बाबांनी कप खाली ठेवला. माझी आई असती तर दोन शब्द बोलली असती, पण ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ मस्कतला. भाबी माझ्या बाजूची, पण सासऱ्यापुढे तिचं तोंड उघडत नसे. म्हणून मीच बोलले.

"माझ्या लग्नाचा इस्तिखारा फुफूनं का करायचा? मी करते."

 बाबा कठोर नव्हते, घाबरट होते. घाबरट बापाशी भांडणं जास्त कठीण असतं.

"कर," ते शेवटी म्हणाले. "तुला चांगला दिसला तर बघू. पुढल्या जुम्म्याला त्याची आई जबाब घ्यायला येणार हाय. त्याच्या रजेचे दिवस संपत आले. तोवर काय ता बघ."

मी आनंदानं उडी मारायची बाकी ठेवली. अल्लाशी माझं काही वाकडं नव्हतं. पाच वेळची नमाज होती, रमजानचे रोजे होते, कुणाचं खाल्लं नव्हतं, कुणाचं बुडवलं नव्हतं. एक हिरवं पान दाखवायला त्याला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.

पहिल्या सकाळी आठवतच नव्हतं काही. दुसऱ्या सकाळी मी स्वप्नात बालवाडीची खिचडी ढवळत होते. तिसऱ्या दिवशी बादली. भाबी रोज पहाटे चुलीपाशी माझी वाट बघायची आणि रोज तिचा चेहरा पडायचा. हळूहळू ही गोष्ट शेजारीपाजारी पसरली. आमच्या वाडीत बातमीला पाय लागत नाहीत, पंखच असतात. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, कांदा खाऊन झोपू नको. कुणी म्हणालं, धुतलेली चादर घाल. पलीकडची रझिया खास येऊन सांगून गेली की तिची शेळी हरवली होती तेव्हा तिला पहिल्याच रात्री स्वप्नात कुंपण दिसलं, आणि शेळी खरंच त्या कुंपणात अडकलेली सापडली.

ती गेल्यावर मी नमाजचा मुसल्ला पसरून बसले आणि पहिल्यांदा मला राग आला. राग कुणावर येतोय हे मनात म्हणायचीही भीती वाटत होती, पण म्हटलं. म्हटलं, तू रझियाच्या शेळीसाठी बोलतोस आणि माझ्यासाठी नाही? मी काय शेळीहून हलकी? मग तौबा तौबा करून गालाला हात लावले, आणि मग पुन्हा तेच म्हटलं.

काही झालं नाही. ना हिरवं, ना काळं. माझ्यावर कुणी रागावलंही नाही. हेच मला सहन होत नव्हतं. दटावलं असतं तरी चाललं असतं. दारावर थाप मारत राहावं आणि आत कुणी आहे की नाही तेसुद्धा कळू नये, अशी माझी गत झाली होती. मी दुआ म्हणत होते पण मन तिथे नव्हतं. मन उद्या सकाळी भाबीला काय सांगायचं त्यात होतं.

गुरुवारी भाबीनं मला विहिरीवर गाठलं.

"बिल्कीस, एक सांगू? सांगून टाक हिरवा बघितला म्हणून."

"काय?"

"कोण येतंय तुझ्या डोळ्यांत बघायला? सांग, हिरवा शेत बघितला, पांढरा बगळा बघितला. बाबा लगेच हो म्हणतील. त्यांना हो म्हणायचाच हाय, फक्त कारण पायजे."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मोह झाला. रहाटाचा दोर हातात धरून मी क्षणभर बगळाही डोळ्यांपुढे आणला. मग आईचं बोलणं आठवलं, आमच्याकडे सगळ्याच आया सांगतात ते. खोटं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाचे दोन दाणे देतील आणि म्हणतील, मार ह्यांची गाठ. आणि ती गाठ कधी बसणार नाही.

"मला नाय जमणार भाबी," मी म्हणाले.

"दाण्यांची भीती वाटते?"

"दाण्यांची नाय. पुढं खरंच कधी बोलला अल्ला, तर मला ओळखता यायला हवा ना, खरा कुठला नि मी रचलेला कुठला."

भाबीनं कळशी डोक्यावर घेतली. "तू बस ओळखत. तो गेला जहाजावर तर मला सांगू नको," म्हणाली आणि रागानं निघून गेली.

मी कळशी तिथेच ठेवली आणि मशिदीमागच्या मौलवी अब्दुल कुद्दूस यांच्या घरी गेले. ते खेडच्या बाजूचे, आमच्या मशिदीत इमाम म्हणून येऊन दोनेक वर्षं झाली होती. अंगणात दोडक्याचे वेल मांडवाला बांधत होते. त्यांची बायको पायरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि तिथूनच विचारलं.

"मौलवीसाब, सात रात्री इस्तिखारा करूनही काही दिसलं नाही तर काय करायचं?"

"काय दिसायला हवं होतं?"

"स्वप्न."

"कुणी सांगितलं?"

 कुणी सांगितलं? सगळ्यांनी. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का?

"दुआ येते ना तुला? म्हण बघू," ते म्हणाले.

मी एका दमात म्हणून दाखवली. लहानपणी मदरशात पाठ केलेली, एक जेर-जबर चुकत नव्हती.

"माशाल्ला. आता अर्थ सांग."

अर्थ मला येत नव्हता. आमच्याकडे पढायला सगळ्यांना येतं, अर्थ विचारणारा आगाऊ समजला जातो.

त्यांनी सुतळी दातांत धरली, वेलाला गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता अर्थ सांगायला लागले. सावकाश, जसं पोरांना शिकवतात तसं. "या अल्ला, तुला सगळं ठाऊक आहे, मला नाही. तुझ्या हातात आहे, माझ्या नाही. हे काम माझ्या दीन-धर्मासाठी, जगण्यासाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर ते माझ्या नशिबात लिही, सोपं कर, त्यात बरकत दे. आणि वाईट असेल तर त्याला माझ्यापासून फिरव, मला त्याच्यापासून फिरव. भलं जिथं कुठं असेल तिथलं माझ्या नशिबात लिही, आणि मग त्यात मला राजी कर." मग सुतळी खिशात ठेवून म्हणाले, "ह्यात झोप कुठे आहे? रंग कुठे आहेत?"

मी तांदळाच्या सुपाकडे बघत बसले. पंधरा वर्षं हे माझ्या तोंडात होतं आणि मला पत्ता नव्हता.

"मग जबाब कसा कळतो?"

"पत्र येत नाही जबाबाचं. तू मागितलंस ना? आता चार शहाण्यांना विचार, मनाला विचार, आणि पाऊल टाक. वाईट असेल तर तो फिरवेल. फिरवायला सांगितलंयस तू त्याला."

"फुफूला काळं पाणी दिसलंय."

"स्वप्न ज्याचं त्याचं असतं. कुणाला पडलं तर त्यानं त्याचं बघावं. दुसऱ्याच्या स्वप्नावर निकाह मोडायचा, असा हुकूम कुठेही नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठूनच उभी राहिले. "मौलवीसाब, एवढंच येऊन बाबांना सांगा."

त्यांचा हात थांबला. बायकोनं तांदूळ निवडणं थांबवलं. "हलिमाबींच्या शब्दावर जमातीनं मला इथं ठेवलंय," ते म्हणाले. "मी त्यांच्या स्वप्नाविरुद्ध बोललो तर उद्या म्हणतील, इमामाला बुजुर्गांचा मान नाही. माझी तीन पोरं आहेत, बेटी. तू विचारलंस ते सांगितलं. त्याच्या पुढे..."

पुढे दोडक्याचा वेल होता. ते तो बांधत राहिले. मी सलाम न करताच निघाले. खरं काय ते कानात सांगणाऱ्यांची गावात कमी नव्हती, ते चारचौघांत येऊन बोलणं तेवढं कुणाला जमत नव्हतं.

घरी आले तेव्हा फुफू पडवीत सोडे निवडत बसली होती. वाळलेल्या कोलंबीचे तुकडे एकीकडे, कचरा एकीकडे. मी तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. अर्थसुद्धा. शेवटच्या ओळीपर्यंत.

तिचे हात चालूच होते. "झाला?" तिनं विचारलं. "आता तू मला दुआ शिकव. मी चाळीस वर्सं काय झक मारली?"

"तसा नाय फुफू. पण अर्थ तर..."

"अर्थ त्याला कळतो ना, ज्याला सांगायचा त्याला? मग झाला. आपल्याला कळायची काय गरज?"

"गरज कशी नाय? काय मागतोय ता कळायला नको?"

"बिल्कीस, काळा पाणी मी बघितला. मी खोटा सांगत नाय."

"मी कुठं म्हटला खोटा हाय?"

"मग वाद कशाला घालतेस? तुला काय वाटतं, मला तुझा वाईट करायचा हाय?" आणि तिनं सुपातले सगळे निवडलेले सोडे कचऱ्यात ओतले. तिच्या लक्षातही आलं नाही. मी उचलायला गेले तर माझा हात झटकून म्हणाली, "जा हितनं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी माजघरात जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, दुःखानं नाही, चिडून. अल्ला बोलत नाही, मौलवी बोलतो पण कुजबुजतो, आणि फुफू ऐकत नाही. त्या रात्रीही मी मुसल्ल्यावर बसले, पण आता अर्थ कळत होता आणि ते आणखी अवघड होतं. आधी नुसतं म्हणून मोकळी होत होते. आता प्रत्येक शब्दाशी थांबावं लागत होतं. 'मला त्याच्यापासून फिरव' म्हणताना माझी जीभ अडली. कारण मला फिरायचं नव्हतं. तरी म्हटलं. दात-ओठ खाऊन म्हटलं. मग झोपले, आणि स्वप्न पडलं नाही.

जुम्म्याची नमाज सुटल्यावर इल्यासची आई तरीनं खाडी ओलांडून आली, बरोबर तोच मामा. त्यांना ओटीवर बसवून बाबांनी मला फुफूच्या खोलीत बोलावलं. फुफू खाटेवर बसली होती. भाबी दारात.

"सांग," बाबा म्हणाले. "काय दिसला?"

"काय नाय."

"आज पण नाय?"

"एकही रात्र नाय. काय काय बघितला ता भाबीला विचारा. खिचडी, बादली."

बाबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग आपाला दिसला तोच खरा धरायला पायजे. मी जाऊन त्यांना..."

"बाबा, थांबा."

माझे कान तापले होते. आपल्या बापापुढे एखाद्या पुरुषाबद्दल बोलायचं, हे आमच्याकडे कुणी केलेलं नव्हतं. पण बाहेर ती बाई नकार घेऊन तरीत बसली असती तर मी आयुष्यभर तोंड दाबून राहिले असते.

"मी एवढ्या सगळ्या रात्री अल्लाला सांगतेय, वाईट असेल तर मला फिरव. काल तर अर्थ समजून सांगितला. सगळी ताकद लावून सांगितला. बाबा, मी नाय फिरले. पहिल्या दिवशी मला इल्यास जितका हवा होता त्याच्याहून आज जास्त हवा हाय. मला काय दिसला नाय, ता खरा हाय. पण मला त्यानं अडवलेला पण नाय. मी ह्यालाच जबाब धरते. चुकला तर माझा चुकेल."

 आणि त्या वेळी, इतक्या रात्रींत मुसल्ल्यावर जे वाटलं नव्हतं ते मला वाटलं. कुणीतरी ऐकलं. उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही, फक्त माझं बोलणं भिंतीवर आपटून परत आलं नाही, कुठेतरी पोचलं, एवढं मला पक्कं कळलं. त्यानंतर आयुष्यात मी कितीतरी नमाज पढले, हज करून आले, पण तितकं स्पष्ट पुन्हा कधी वाटलेलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

बाबा बहिणीकडे वळले. "आपा, तू सांग. मला काय कळत नाय."

फुफू जमिनीकडे बघत होती. "तू भायेर जा," ती म्हणाली. "पावण्यांना चाय दे. शरीफा, तू पण जा. दार लोटून घे."

ते गेले. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. फुफूनं मला खाटेवर शेजारी बसवलं.

"मी पण इस्तिखारा केलेला," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचा. पयल्याच रात्री हिरवा बघितला. सगळा हिरवा, भाताचा शेत असतं तसा. आईनं गावभर साखर वाटलान."

"आणि मग फुफाजी बुडाले."

"नाय बुडाला."

मला कळलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"जहाज परत आला. मुंबईच्या गोदीत लागला. सगळे उतरले, तो नाय उतरला. मोंबासाला ऱ्हायला, तिकडं दुसरा घर केलान. त्याच्या दोस्तानं येऊन माझ्या अब्बांना सांगितलान. अब्बा म्हणाले, गावाला सांगू बुडाला. बुडालेल्याच्या बायकोला लोक चार घरी बोलावतात. टाकलेलीला कोण बोलावतो? तुझा बाप तेवा बारका, त्याला पण ठाव नाय."

"मग काळं पाणी?"

"ता खरंच दिसतं गो. जहाजी माणसाचा नाव कानावर पडला की दिसतं. मी कुणाला खोटा सांगितला नाय. हिरव्यानं मला फसवलान. काळ्यानं अजून फसवलान नाय. मग कुणावर भरोसा ठेवू?"

मला तिची दया यायला हवी होती, आणि आली, पण आधी संतापच आला. किती मुली असतील, ज्यांना जहाजी नवरा ह्या एका पाण्यापायी मिळाला नाही. मी तोंड उघडलंही. पण तिनं माझं मनगट धरलं.

"ती दुआ. काल म्हटलीस ती, आपल्या बोलीत. एक एक करून सांग."

मी सांगायला लागले आणि ती माझ्यामागून म्हणायला लागली. तुला ठाऊक हाय, मला नाय. तुझ्या हातात हाय, माझ्या नाय. अरबीत ती ही दुआ पाण्यासारखी म्हणायची. आपल्या बोलीत प्रत्येक शब्दाला अडखळत होती. फिरव, नशिबात लिही, इथपर्यंत आली.

"आणि मग त्यात मला राजी कर," मी म्हणाले.

ती थांबली.

"शेवटचा काय म्हटलास?"

"मग त्यात मला राजी कर."

"ह्या मी चाळीस वर्सं म्हणतेय?"

"दर वेळी, फुफू."

"लोकांच्या पोरींसाठी."

"हो."

बाहेर कपबशांचा आवाज येत होता. मामा मोठ्यानं काहीतरी हसण्यासारखं बोलत होता. फुफूनं माझं मनगट सोडलं.

"ह्या मी नाय म्हणायची," ती म्हणाली. "मी राजी नाय. त्याला ठाव हाय मी राजी नाय. त्याच्या तोंडावर खोटा कशाला बोलू?"

 मी इतक्या सगळ्या रात्री ज्याचा पत्ता शोधत होते, त्याच्याशी ही बाई चाळीस वर्षं समोरासमोर बसून अबोला धरून होती.

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "माझ्या बिल्कीसला त्यात राजी कर," ती म्हणाली. अडखळली नाही.

"आता तुझ्या नावानं पण म्हण ना फुफू."

"नाय म्हटला ना एकदा."

ती उठली, दार उघडून ओटीवर गेली.  तिनं इल्यासच्या आईच्या हातातला रिकामा कप काढून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मुलगी दिली. पोराला सांगा, जहाज कुठंपण लागू दे, उतरायचा हितंच."